जुन्या कथेस नवा देह देणारे दादासाहेब फाळके

विद्यार्थिमित्रहो, हल्लीं तुमच्यापैकीं पुष्कळांच्या तोंडीं परदेशी चित्रपटांतील अचाट सामर्थ्याच्या वीरांचीं नांवें असतात. कोणी आकाशांतून उडतो, कोणी कोळ्याप्रमाणें भिंतीवर चढतो, तर कोणी वटवाघळाचा वेष घेऊन रात्रीं दुष्टांचें पारिपत्य करतो. या वीरांची मौज अशी कीं, ते कधीं म्हातारे होत नाहींत आणि कधीं संपतही नाहींत. सुपरमॅन हा १९३८ सालीं अमेरिकेंतील एका चित्रमासिकांत जन्मास आला. १९४८ सालीं तो मालिकेच्या रूपानें पडद्यावर उतरला. १९७८ सालीं मोठ्या थाटानें पुन्हां आला. २०१३ सालीं नवा नट व नवा पेहराव घेऊन आला. आणि २०२५ सालीं आणखी एकदां आला. कथा तीच, सांगणारा मात्र निराळा आणि पाहणारी पिढीही निराळी. मग वडील माणसें म्हणतात कीं जुना तोच खरा, आणि मुलें म्हणतात कीं नवा तोच खरा.

हा वाद आपल्याकडे नवीन नाहीं. पूर्वजांच्या वीरकथा नव्या प्रेक्षकांसाठीं नव्यानें कशा सांगाव्या, हा प्रश्न ज्या महाराष्ट्रीय पुरुषानें या देशांत पडद्यावर प्रथम सोडविला, आणि तोही स्वतःच्या हातांनीं, स्वतःच्या पैशानें व स्वतःची दृष्टि पणास लावून सोडविला, त्या दादासाहेब फाळके यांचें चरित्र आज तुमच्यापुढें ठेवावयाचें आहे.

तुळजापुरांत राहणाऱ्यांस या प्रश्नाचें मर्म फार समजावून सांगण्याची गरज नाहीं. देवीच्या नांवानें गोंधळ घालणारा गोंधळी संबळाच्या तालावर आणि दिवटीच्या उजेडांत जें आख्यान लावतो, तें भोवतीं बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांस आरंभापासून शेवटपर्यंत पाठ असतें. राजावर संकट येणार, राणीची ताटातूट होणार आणि अखेर सत्य जिंकणार, हें ठाऊक असूनही लोक पहाटेपर्यंत उठत नाहींत. कारण चतुर गोंधळी त्या आख्यानांत त्या गांवचीं माणसें, त्या सालचा पाऊस आणि त्या आठवड्याचा बाजारभाव बेमालूम मिसळतो. कथा जुनी असते, परंतु रात्र नवी असते. दादासाहेबांनीं संबळाऐवजीं यंत्र हातीं घेतलें; दिवटीचा उजेड मात्र त्यांनींही सोडला नाहीं, तो त्यांनीं पडद्यावर पाडला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील संस्कृतचे व्युत्पन्न शास्त्री होते. तीर्थक्षेत्रांतील घर आणि शास्त्र्यांचें कूळ. त्यामुळें रामायण, महाभारत व पुराणें यांतील कथा धुंडिराजांस बाळकडूप्रमाणें मिळाल्या. परंतु मुलाचा ओढा पोथीपेक्षां रंगाकडे व यंत्राकडे अधिक होता. पुढें कुटुंब मुंबईस आलें आणि १८८५ सालीं धुंडिराजांनीं सर जे. जे. कलाशाळेंत प्रवेश घेतला. तेथून ते बडोद्यास गेले व कलाभवनांत चित्रकला, मूर्तिकाम व छायालेखन यांचा त्यांनीं अभ्यास केला. एका विद्येंत पारंगत होऊन तिच्यावर जन्मभर पोट भरावें, असा त्यांचा पिंडच नव्हता. प्रत्येक नवी विद्या त्यांस हांक मारीत असे.

संसारानें मात्र त्यांची कठोर परीक्षा पाहिली. गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रांचा धंदा मांडला असतां प्लेगच्या सांथीनें पत्नी व अपत्य दोन्ही हिरावून नेलीं. बडोद्यास परत येऊन पुन्हां दुकान थाटावें, तर छायाचित्र काढल्यानें माणसाचें बळ यंत्रांत ओढलें जातें, अशा लोकभ्रमामुळें गिऱ्हाइकें येईनात. याच काळांत एका परदेशी जादुगाराची व त्यांची गांठ पडली. त्याच्यापासून हातचलाखीचे प्रयोग शिकून त्यांनीं आपलें आडनांव उलटें केलें आणि प्रोफेसर केळफा या नांवानें जादूचे खेळ केले. हा नाद पोरकट वाटेल. परंतु पुढें याच विद्येनें हनुमंतास आकाशांत उडविलें, हें ध्यानांत ठेवावें. १९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचें नांव दादासाहेबांच्या नांवाबरोबरच घेतलें पाहिजे.

१९०३ सालीं त्यांस पुराणवस्तु-संशोधन खात्यांत छायालेखकाची व नकाशे काढण्याची सरकारी नोकरी मिळाली. स्वदेशीची लाट उसळतांच त्यांनीं ती सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या छापखान्याचें कामही त्यांच्याकडे असे. रविवर्म्याच्या चित्रांनीं देवादिकांस देवळाच्या गाभाऱ्यांतून उचलून घरोघरच्या भिंतींवर आणलें होतें. जुनी मूर्ति नव्या तंत्रानें नव्या जागीं नेतां येते, हा धडा फाळके यांनीं येथें डोळ्यांनीं पाहिला. पुढें छापखाना दादरला आला. रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशीं पटेना, म्हणून भरभराटीचा धंदा सोडून ते रिकाम्या हातांनीं बाहेर पडले. तेव्हां त्यांचें वय चाळिशीच्या घरांत होतें.

अशा उदास दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगांवांतील एका चित्रगृहांत त्यांनीं प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. त्यांची दृष्टि पडद्यावर होती, परंतु मनापुढें दुसरेंच चित्र उभें राहत होतें: गोकुळांतील कृष्ण, अयोध्येचा राम. परदेशी लोक आपल्या प्रभूचें चरित्र असें सजीव करूं शकतात, तर आपल्या लोकांस आपल्या कथा अशाच कां दिसूं नयेत, या विचारानें त्यांस अक्षरशः झपाटलें. लागलीच ते सरस्वतीबाईंनाही तो खेळ दाखवावयास घेऊन गेले. शुभवर्तमानाची ती कथा एकोणीस शतकांची जुनी आणि पडदा मात्र नवा. श्रद्धेनें सांगितलेली एकाची कथा दुसऱ्यास त्याच्या स्वतःच्या कथेची आठवण करून देते, याचें याहून सुंदर उदाहरण क्वचितच सांपडेल.

त्यानंतर त्यांनीं मिळतील तेवढे चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. घरीं रात्ररात्र प्रयोग केले. याचा परिणाम असा झाला कीं, डोळ्यांवर असह्य ताण पडून दृष्टि जाते कीं काय, अशी वेळ आली. उपचारानें व चष्म्यांच्या साह्यानें ती वांचली. बरे होतांच त्यांनीं आयुष्याचा विमा गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्यें लंडनची वाट धरली. तेथें ओळखीचें कोणी नव्हतें. बायोस्कोप नांवाच्या साप्ताहिकाच्या कचेरींत ते सरळ जाऊन उभे राहिले; संपादकानें त्यांस सेसिल हेपवर्थ या चित्रपटकाराची गांठ घालून दिली. तेथें चाललेलें काम डोळ्यांत सांठवून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कोरी फिल्म आणि फिल्मच्या कडांस छिद्रें पाडण्याचें यंत्र यांची तजवीज करून ते एप्रिलमध्यें परतले.

आतां भांडवल हवें. पण न पाहिलेल्या वस्तूस पैसा कोण देणार? फाळके यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचीं चित्रें ठरलेल्या अंतरानें दीर्घकाळ घेतलीं. पडद्यावर तो अंकुर क्षणांत मातींतून वर आला, पालवला, वेल झाला! हें पाहून सावकारांचा विश्वास बसला. एका वाटाण्याच्या रोपानें भारतीय चित्रपटाचें बी रुजविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पहिल्या चित्रपटासाठीं त्यांनीं राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. सत्यासाठीं राज्य, पत्नी, पुत्र आणि शेवटीं स्वतःस विकणारा हा राजा कीर्तनांतून व नाटकांतून सर्वांच्या परिचयाचा होता. परंतु काम करण्यास माणसें मिळेनात. तारामतीच्या भूमिकेसाठीं तर एकही स्त्री तयार होईना. ज्या बायका नाचगाण्यावर पोट भरीत, त्यांनींही नकार दिला. अखेर एका खाणावळींत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रेय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. आणि फाळके यांचा पुत्र भालचंद्र रोहिदास झाला. नटाच्या धंद्यास समाजांत मान नव्हता, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यांत कामास आहोंत, असें लोकांस सांगण्याचा सल्ला फाळके आपल्या मंडळीस देत. आणि कारखाना तो होताच! दादरच्या त्या घरांत सरस्वतीबाई सर्वांचा स्वयंपाक करीत, उन्हांत पांढऱ्या चादरी धरून नटांवर उजेड पाडीत, आणि रात्रीं अंधारांत बसून फिल्मला छिद्रें पाडीत. पैसा कमी पडला तेव्हां त्यांचे दागिनेही गेले.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्याची लांबी सुमारें ३,७०० फूट होती. सहा सहा तास चालणारीं नाटकें पाहण्याची संवय असलेल्या लोकांस तासाभराचा मुका खेळ अपुरा वाटे. तेव्हां सुरतेस फाळके यांनीं जाहिरात लढविली, असें सांगतात: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत! गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. फिल्मच्या एका फुटांत सोळा चित्रें मावतात. म्हणजे ३,७०० फुटांत ५९,२०० चित्रें झालीं. चित्रांचा आंकडा अगदीं रास्त होता. दोन मैलांची गोष्ट मात्र बाजारांतील आरोळी होती. कारण एका मैलाचे ५,२८० फूट होतात. कथा नव्या माणसांपर्यंत नेणाऱ्यास थोडें दवंडी पिटणेंही शिकावें लागतें!

यानंतर फाळके यांनीं आपला कारखाना नाशकास हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट निघाले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्यें दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं भूमिका केल्या, आणि पडद्यावर स्त्रियांनीं येऊं नये हा निर्बंध मोडला. १९१४ सालीं ते आपले चित्रपट घेऊन पुन्हां लंडनास गेले. तेथें राहून काम करण्याविषयीं त्यांस विचारणा झाली; ती त्यांनीं नाकारली. इतक्यांत पहिलें महायुद्ध पेटलें. पैसा देणारे मागें सरले, परदेशी माल दुर्मिळ झाला, आणि कामगारांचे पगार देणें कठीण झालें.

याच पडत्या काळांतील एक गोष्ट आपल्या विषयाचा गाभा आहे. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगीची वाट पाहणारी असे. ‘राजा हरिश्चंद्र’चा मूळ पट हातचा गेला, बैलगाडींतून एका चित्रगृहाकडून दुसऱ्याकडे नेतांना उष्णतेनें त्यानें पेट घेतला, अशी एक हकीकत सांगतात. जन्माची कमाई राख झाली असतां दुसरा एखादा कपाळास हात लावून बसला असता. फाळके यांनीं तीच कथा पुन्हां चित्रित केली. ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ हा नवा चित्रपट एप्रिल १९१७ मध्यें पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागला. पहिल्याची लांबी ३,७०० फूट होती; दुसरा तीन हजार फुटांच्या आंत बसला. चार वर्षांत प्रेक्षक चित्रपट पाहावयास शिकला होता. आणि फाळकेही चित्रपट सांगावयास शिकले होते. त्याच सालीं कलकत्त्यास मदन यांच्या कंपनीनेंही हरिश्चंद्राचीच कथा पडद्यावर आणली. अशा रीतीनें भारतांत चित्रपट पुरता चालूं लागला न लागला, तोंच एका वीराची पुनरावृत्तीही सुरू झाली.

त्याच वर्षींचा ‘लंकादहन’ तर लोकांनीं डोक्यावर घेतला. अण्णा साळुंके यांनीं त्यांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या! कीर्तनांत ऐकलेलें मारुतीचें उड्डाण लोकांनीं प्रथमच डोळ्यांनीं पाहिलें. प्रोफेसर केळफा यांची विद्या येथें उपयोगास आली. यंत्र थांबवून मधल्या वेळांत मांडणी बदलणें, एकाच फिल्मवर दोनदां चित्र उमटविणें, अशा युक्त्यांनीं त्यांनीं अघटित तें घटित करून दाखविलें. पडद्यावर राम दिसतांच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून हात जोडीत. आणि तिकिटांचीं नाणीं बैलगाडींत घालून पोलिसांच्या पहाऱ्यांत न्यावीं लागत, असें वर्णन करीत. १९१८ सालीं ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ सालीं ‘कालियामर्दन’ निघाला. यांत फाळके यांची चिमुकली कन्या मंदाकिनी हीच बाळकृष्ण झाली होती.

कीर्ति आली, आणि तिच्यामागून भांडवलवाले आले. १ जानेवारी १९१८ रोजीं हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. परंतु जमाखर्चाकडे पाहणारे भागीदार आणि चित्राकडे पाहणारा कलावंत यांचें जुळेना. वैतागून दादासाहेब सर्व सोडून सहकुटुंब काशीस गेले. तेथें त्यांनीं ‘रंगभूमि’ हें नाटक लिहिलें. काळांतरानें ते परत कंपनींत आले आणि एकामागून एक चित्रपट काढीत राहिले. मात्र या अवधींत जग पुढें सरकलें होतें. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांच्या हाताखालीं नवी मंडळी तयार होत होती. प्रेक्षकांची अभिरुचि पालटत होती.

मार्च १९३१ मध्यें ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि मुका पडदा बोलूं लागला. १९३२ सालीं कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्राच्या भूमिकेंत गोविंदराव टेंबे आणि तारामतीच्या भूमिकेंत दुर्गा खोटे. कथा तीच, जिनें फाळके यांनीं एकोणीस वर्षांपूर्वीं आरंभ केला होता. परंतु आतां राजा बोलत होता, गात होता, आणि तारामतीची भूमिका खरोखरीची स्त्री करीत होती. त्याच सालचा फाळके यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट होता. त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. ज्यानें गोंधळ्याची दिवटी यंत्रांत आणली, त्याच्या डोळ्यांदेखत ती दुसऱ्या हातांत गेली. हा क्षण कोणत्याही कर्त्या पुरुषास कठीणच.

तथापि त्यांनीं एकदां शेवटची झुंज दिली. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज यांच्या बोलावण्यावरून त्यांनीं ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट केला. तो १९३७ सालीं लोकांपुढें आला. तेव्हां दादासाहेबांचें वय ६७ होतें. त्यानंतर ते नाशकासच राहिले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. नव्वदांहून अधिक चित्रपट काढणाऱ्या या पुरुषाच्या उत्तरायुष्यांत ना पैसा होता, ना गर्दी. १९६९ सालीं भारत सरकारनें त्यांच्या नांवें चित्रपटसृष्टींतील सर्वोच्च पारितोषिक सुरू केलें. २००९ सालीं ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी चित्रपटानें त्यांच्याच धडपडीची कथा नव्या पिढीस सांगितली. जो जन्मभर कथा सांगत राहिला, तोच शेवटीं कथा झाला.

आतां आरंभींच्या वादाकडे वळूं. जुना खरा कीं नवा? दादासाहेबांच्या शेंकडों रिळांपैकीं फार थोडीं कालाच्या तडाख्यांतून वांचलीं आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें हरिश्चंद्राचीं जीं रिळें जपून ठेविलीं, तीं १९१३ च्या पहिल्या चित्रपटाचीं नसून १९१७ च्या दुसऱ्या चित्रपटाचीं असावींत, असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. याचा अर्थ असा कीं, ज्यास आपण पहिला म्हणून वंदन करतों, तो कदाचित् दुसरा असेल. फाळके जळालेल्या फिल्मचा शोक करीत बसले असते, तर ती राजसभा आणि तो सत्यवादी राजा आज आपणांस दिसलाच नसता. जुन्यास नव्यानें सांगितलें, म्हणून जुनें उरलें.

परंतु नव्यानें सांगणें म्हणजे केवळ पेहराव बदलणें नव्हे. फाळके यांनीं लांबी बदलली, तंत्र बदललें, नट बदलले. राजानें सत्यासाठीं मोजलेली किंमत मात्र एका कवडीनेंही कमी केली नाहीं. आणि स्वतःही तशीच किंमत मोजली: विम्याची, दागिन्यांची, दृष्टीची. जो सांगणारा स्वतः कांहीं देत नाहीं, त्याच्या वीरास कितीही उंच उडविलें तरी तो प्रेक्षकांच्या मनांत उतरत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां कथा सांगेल, कोणी चित्र काढील, कोणी यंत्र चालवील. तेव्हां तुमच्या हातीं असलेलें साधन दादासाहेबांनीं कधीं पाहिलेलेंही नसेल. जुन्या कथेस हात लावण्यास भिऊं नका. तिचा जो गाभा आहे, तो ओळखा आणि मग तिला आपल्या काळाचा देह द्या. आणि तुमच्या मागून येणारा ती कथा तुमच्याहून निराळी सांगूं लागला, तर त्याच्यावर रागावूं नका. दिवटी पुढें चालली आहे, एवढेंच त्यावरून समजावें.